न आलेल्या मुलीची हजेरी

१

शनिवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास राजकन्या नांदेडच्या त्या मुलींच्या वसतिगृहात आयुष्यात पहिल्यांदा शिरली, आणि पाचच मिनिटांत तिला कळले की ती तिथे आठ दिवस राहून गेली आहे.

हे तिला सांगितले अधीक्षिका सुकन्या मॅडमनी. त्यांनी हजेरीपट तिच्यासमोर उलटा करून ठेवला. साठावे नाव तिचेच होते आणि त्यापुढे ओळीने आठ सह्या होत्या. बुधवार ते पुढचा बुधवार. त्यानंतरचे दोन रकाने कोरे होते.

"आठ दिवस राहिलीस आणि गुरुवार-शुक्रवार न विचारता गायब झालीस," मॅडम म्हणाल्या. "विनापरवानगी दोन रात्री बाहेर म्हणजे जागा रद्द. नियम दारावरच लावलाय."

"मॅडम, मी आत्ता मुखेडहून येऊन राहिले," राजकन्या म्हणाली. तिच्या एका हातात वळकटी होती, दुसऱ्या हातात बॅग, आणि दोन्ही खाली ठेवायचे तिला सुचत नव्हते. "मी हितं कधी आलेच न्हाई. ही सही माझी न्हाई."

"मग तर आणखी वाईट. दहा तारखेला, बुधवारच्या हजेरीपर्यंत हजर व्हायचं होतं. नाही झालीस, म्हणजे जागा त्याच दिवशी गेली."

"मी त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी फोन केला होता की! टीसी मिळाया उशीर लागून राहिला, वीस तारखेपर्यंत येते म्हणून. बाईमाणसाचा आवाज होता. 'हाव ताई, सांगते मॅडमला' म्हणाल्या."

"माझ्याकडे असा निरोप आलेला नाही."

खिडकीशी बसून सौर बंबाच्या दुरुस्तीचा अहवाल लिहीत असलेल्या महादेवप्पांनी लेखणी थांबवली. तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत चौतीस वर्षे अधीक्षक म्हणून काढून ते निवृत्त झाले होते आणि संस्थेच्या तक्रार समितीवर त्यांचे नाव होते. वसतिगृहात नळ गळो वा भांडण होवो, बोलावणे त्यांनाच येई. दोन्ही बाजू खऱ्या वाटाव्यात आणि दोन्हींचा शेवट एकाच मुलीच्या घरी परतण्यात व्हावा, ही मांडणी त्यांना खटकली.

"सुकन्या, अंतिम यादी विद्यापीठाला कधी जाते?"

"पाच वाजता, अप्पा. प्रतीक्षा यादीतली पहिली मुलगी सृष्टी बाहेर बाकावर बसली आहे. साठावं नाव तिचं लिहायचं."

"मग पाचपर्यंत ती ओळ कोरी ठेव," महादेवप्पा म्हणाले. "आणि बाळ, तू आधी ती वळकटी खाली ठेव."

२

राजकन्येची हकीकत सरळ होती. लातूरच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.ची दोन वर्षे झाल्यावर तिचे लग्न झाले आणि शिक्षण थांबले. आता चार वर्षांनी, तीन वर्षांच्या मुलीला सासूजवळ ठेवून, उरलेले वर्ष पुरे करायला ती निघाली होती. लातूरच्या कार्यालयाने जुना दाखला शोधायला तीन खेपा घालायला लावल्या. तेव्हा मोबाईलचे रिचार्ज संपले होते म्हणून संध्याकाळी सातला केलेला फोनही तिने तिथल्याच टेबलावरून केला होता. त्यामुळे दाखवायला तिच्याजवळ काहीच नव्हते.

"खोली करून राहता येणार नाही?" महादेवप्पांनी विचारले.

"बघितल्या ना अप्पा. पोरींच्या खोल्यावाले म्हणतेत, लग्न झालेली नको. फॅमिलीच्या खोल्यावाले म्हणतेत, नवरा कुठंय? नवरा मुखेडला नोकरीवर." तिने वळकटीची दोरी घट्ट केली. "अन् सासूबाईंनी बजावूनच पाठवलं. हॉस्टेल मिळालं तर शिक, एकटीनं खोली करून राह्यचं न्हाई. न मिळालं तर संध्याकाळच्या गाडीनं परत."

म्हणजे संध्याकाळची गाडी ही नुसती गाडी नव्हती. त्या गाडीत ती बसली, तर चार वर्षांपूर्वी थांबलेले शिक्षण कायमचेच थांबणार होते.

महादेवप्पांनी तिला कोऱ्या कागदावर पाच वेळा सही करायला लावली. पटावरची सही आणि तिची सही यांत काडीचे साम्य नव्हते. पण त्याने अर्धाच प्रश्न सुटत होता. सुकन्या मॅडम लगेच म्हणाल्या, "हिनंच कोणाला तरी सांगून सह्या करवल्या असतील. मागच्या वर्षी अशाच प्रकरणात एका मुलीला मी काढलं आहे. हिची सही करणारी सापडली तर तिलाही काढीन."

नियमपत्रिकेत आणखी एक कलम होते. मुदत संपण्याआधी लेखी किंवा फोनवर कळवल्यास हजर होण्यासाठी दहा दिवस वाढवून मिळत. बुधवार दहा तारखेला मुदत संपली होती आणि आज वीस. फोन झाला असेल तर राजकन्या वेळेत आली होती. झाला नसेल तर दहा दिवस उशिरा. सगळे त्या फोनवर टेकले होते, आणि तो घेतल्याचे कबूल करणारे कोणी नव्हते.

"मंगळवारी संध्याकाळी सातला हा फोन कोणी उचलला असेल?"

"मी सातला भोजनगृहात असते. भारत साडेपाचला जातो," असे म्हणून मॅडमनी कागद आवरायला घेतले.

भारत म्हणजे वसतिगृहाचा लिपिक. मॅडमनी आपण कुठे असतो ते सांगितले होते, लिपिक कुठे असतो ते सांगितले होते. फोनजवळ कोण असते, ते मात्र सांगितले नव्हते.

३

महादेवप्पांनी त्यांना लगेच डिवचले नाही. उत्तर टाळणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा विचारण्याआधी आपल्या हाती काही असावे, हा त्यांचा नेम होता. ते खोली पाहायला गेले.

बावीस नंबरच्या खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर अयोध्या नावाची पहिल्या वर्षाची मुलगी राहत होती. दुसरीवरची गादी आलेल्या दिवशीच्याच प्लास्टिकमध्ये होती आणि प्लास्टिकवर बोटाने रेघ उमटावी इतकी धूळ.

"इथे कोणी झोपलं होतं?"

"न्हाई सर, मी एकटीच. नाव लागलं होतं, पण माणूस काय आलं न्हाई."

"मग मॅडमना सांगितलं नाहीस?"

अयोध्येने खांदे उडवले. "मला वाटलं दुसऱ्या खोलीत मैत्रिणीपाशी राहत असतेल. लई जणी राहतेत. चुगली कामून करावं?"

तिथून ते स्वयंपाकघरात गेले. सुमनबाई परातीत कणीक तिंबत होत्या. त्या हजेरीपट बघूनच ताटे वाढत. ज्या मुलीचा उपवास असे, ती सहीपुढे 'उ' लिही, आणि तेवढ्या जणींसाठी भगर शिजे.

"ताटं पुरतात का बाई, की उरतात?"

"उरतंय की अप्पा! आठ दिवस झालं, रोज एक ताट उरून राहिलं. मी म्हणलं कोणती महाराणी हाय, सही करते अन् जेवत न्हाई. माझ्या वरणाला नाव ठेवते का काय!"

"रोज भाकरीचंच ताट उरलं?"

सुमनबाईंनी हात थांबवले. "न्हाई. सोमवारी भगरीची वाटी उरली. भाकऱ्या बराब्बर संपल्या."

"आणि त्याआधीच्या गुरुवारी? मार्गशीर्षातला गुरुवार होता. त्या दिवशी तर तुमच्याकडे उपवासाची गर्दी असेल."

"गुरवारी भगर सगळी संपली. भाकरीचं ताट उरलं. कामून अप्पा? त्यात काय हाय?"

"त्यात एक माणूस आहे, बाई," महादेवप्पा म्हणाले, आणि पट मागायला भारतकडे गेले.

४

भारतने पट आणि रजेचे अर्ज दोन्ही काढून दिले, पण तोंड वाकडे करून.

"अप्पा, तुमी माझ्यावर संशय घेऊन राहिलात का? सृष्टीचे वडील माझ्या गावचे हायेत, हे खरंय. पण मी तिचं नाव वर ढकललं न्हाई. तिचा नंबर गुणांवर लागला."

"तुझ्यावर नाही. सृष्टीला काय हवं होतं, सांग?"

"राजकन्येची जागा."

"मग राजकन्या हजर आहे असं दाखवणाऱ्या सह्या सृष्टीनं किंवा तुझ्यासारख्या तिच्या हितचिंतकानं का कराव्यात? पट कोरा राहिला असता तर जागा बुधवारीच तिची झाली असती. या सह्यांनी तिला दहा दिवस बाकावर बसवून ठेवलं."

भारतचा चेहरा हलका झाला. बाहेर सृष्टी बाकावर अभ्यासाचे पुस्तक उघडून बसली होती. तिने महादेवप्पांना विचारले, "सर, माझं काय होईल?" ते खोटे बोलले नाहीत. "पाच वाजता कळेल. तुझ्याविरुद्ध इथं काही नाही, एवढं आत्ता सांगतो."

मग त्यांनी टेबलावर पट आणि अर्ज शेजारी शेजारी मांडले. त्यांना कार्यशाळेतली जुनी गोष्ट आठवत होती. एखादा मुलगा मित्राचा जॉब, म्हणजे घासायला दिलेला लोखंडी तुकडा, घासून द्यायचा. माप बरोबर यायचे, पण कानशीच्या रेघा लपत नसत. डावखुऱ्या मुलाच्या रेघा उलट्या कलायच्या. दुसऱ्याचे काम करताना माणूस दुसऱ्याचे नाव घालतो, पण हात मात्र स्वतःचाच राहतो.

सोमवारच्या रकान्यात राजकन्येच्या सहीपुढे 'उ' होता. राजकन्येला त्यांनी सहज विचारले होते. ती मार्गशीर्षातले गुरुवार धरते, सोमवारशी तिचा संबंध नाही. अकरा तारखेच्या गुरुवारच्या रकान्यात मात्र सहीपुढे काही नव्हते. सही करणाऱ्या मुलीने सोमवारी आपल्या ओळीत सही केली, सवयीने 'उ' लिहिला, आणि त्याच सवयीने दुसऱ्या ओळीतही लिहून टाकला. मुद्दाम कोणी तो लिहिला नसता. त्यात काहीच फायदा नव्हता.

साठ जणींत सोमवार धरणाऱ्या अकरा निघाल्या. महादेवप्पा स्वतः जन्मभर सोमवार धरत आले होते. ही सवय किती खोल असते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

आता उरले ते कोरे दोन रकाने. आठ दिवस न चुकणारा हात गुरुवारी आणि शुक्रवारीच का थांबला? शुक्रवारी येळवस होती. मार्गशीर्षाच्या त्या अमावस्येला लातूरकडची माणसे घराला कुलूप लावून शेतात भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे जेवायला जातात. त्या भागातल्या मुलीला वसतिगृहात थांबवणे कोणालाच जमत नाही. चौदा मुली गुरुवारी दुपारीच गेल्या होत्या. सोमवार धरणाऱ्या अकरा आणि येळवशीला गेलेल्या चौदा, या दोन्ही याद्यांत असलेली नावे चार होती.

चौघी दुपारच्या गाड्यांनी परतणार होत्या. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. महादेवप्पा उठले आणि अधीक्षिकेच्या खोलीचे दार त्यांनी आतून लावून घेतले.

५

"सुकन्या, आता मला त्या फोनचं सांग."

मॅडमनी कागदांची चळत सरळ केली.

"सही करणारीनं एका अनोळखी मुलीसाठी एवढा धोका का पत्करला? ती मुलगी येणारच नसती, तर त्या सह्या फुकट होत्या. म्हणजे राजकन्या येणार आहे आणि उशिरा येणार आहे, हे तिला ठाऊक होतं."

"राजकन्येनंच सांगितलं असेल. मी तेच तर म्हणते आहे."

"तसं असतं तर त्या दोन रात्रींची व्यवस्थाही दोघींनी केली असती. चौदा जणींचे रजेचे अर्ज आले, पंधरावा राजकन्येचा आला असता. तू रजा देण्याआधी घरी फोन करून खात्री करतेस. राजकन्या सामील असती, तर तिनं घरच्यांकडून तुला हो म्हणवलं असतं. सही करणाऱ्या मुलीला सही जमत होती. राजकन्येच्या घरचा होकार तिला आणता येत नव्हता, कारण तिची राजकन्येशी ओळखच नव्हती. तिच्याकडे फक्त एक निरोप होता. तो निरोप घेणारी मुलगी कोण? संध्याकाळी या खुर्चीवर तू कोणाला बसवतेस?"

सुकन्या मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कार्यालयीन फोन विद्यार्थिनीच्या हाती देऊ नये, असा संस्थेचा लेखी आदेश होता. "एकटीनं किती ठिकाणी असायचं, अप्पा? सातला स्वयंपाकघर बघू की फोन सांभाळू? मुलींची प्रतिनिधी बसते अर्धा तास. गुरम्मा. लातूरकडच्या देवणीची. शेवटच्या वर्षाला आहे. तिच्याइतकी जबाबदार मुलगी माझ्याकडे नाही."

चार नावांत तिसरे नाव गुरम्माचे होते.

"राजकन्येची लेखी तक्रार आली की तिला काढावं लागेल," मॅडम हळूच म्हणाल्या. "मागच्या वर्षी त्या मुलीला काढलं, मग हिला कसं ठेवू?"

"आधी तिला येऊ दे. माझ्या कागदावर चार नावं आणि एक तर्क आहे. निरोप आला होता हे तिच्याच तोंडून यायला हवं. त्याशिवाय राजकन्येची जागा वाचत नाही."

आणि ते तोंड उघडले की गुरम्माची जागा जाणार, हे दोघांनाही न बोलता कळत होते.

६

गुरम्मा साडेतीनला आली ती हसतच. तिच्या हातात मोठा डबा होता. "अप्पा, तुमीपण हायेत का! बरं झालं. येळवशीची भज्जी अन् सजगुऱ्याचे उंडे आणलेत. आईनं बजावलंय, सगळ्यांना वाटूनच खा."

मग तिला बाकाच्या टोकाला वळकटी घेऊन बसलेली परकी मुलगी दिसली, आणि उघडायला घेतलेला डबा तिने पुन्हा मिटला.

महादेवप्पांनी तिला व्हरांड्यात नेले. त्यांनी पट उघडला आणि साठाव्या ओळीतल्या सोमवारच्या 'उ'वर बोट ठेवले. "ही मुलगी सोमवार धरत नाही, गुरम्मा. मी धरतो. तू धरतेस."

गुरम्माने डबा खाली ठेवला.

"मी ऐकून घेतो," ते म्हणाले. "पण आत जायचं की नाही, हे तू ठरव. तू गप्प राहिलीस तर माझ्याकडे सिद्ध करण्यासारखं काही नाही. मग ती संध्याकाळच्या गाडीनं मुखेडला जाईल."

"परत येईल का ती?"

"नाही."

पावणेपाचला अधीक्षिकेच्या दारावर टकटक झाली. खोलीत मॅडम, राजकन्या, सृष्टी आणि महादेवप्पा होते. गुरम्मा दारातच उभी राहिली.

"मंगळवारी फोन मीच घेतला, मॅडम. लिहायला कागद न्हवता, म्हणून तळहातावर लिहिलं. मग जेवले अन् हात धुतला." तिने रिकामा तळहात दाखवला. "बुधवारी हजेरीला साठावी ओळ कोरी दिसली तवा आठवलं. तुमी नाव खोडाया लाल पेन घेऊनच आला होता. मी घाईनं सही केली. म्हणलं, सकाळी सांगते. सकाळी भ्या वाटलं, कारण आता सही पण सांगावी लागली असती. मग रोज एक सही वाढत गेली."

सृष्टीने पुस्तक मिटले. "म्हणजे मी परत मावशीकडं," एवढेच ती म्हणाली आणि कोणाकडे न पाहता बाहेर गेली. महादेवप्पांना तिला थांबवावेसे वाटले. पण वसतिगृहात एकसष्टावी जागा नव्हती.

सुकन्या मॅडमनी साठाव्या ओळीत राजकन्येचे नाव कायम केले. मग त्यांनी दुसरा कागद ओढला आणि घटनेचा अहवाल लिहायला घेतला.  त्यांनी पहिले वाक्य लिहिले आणि कागद महादेवप्पांपुढे सरकवला. वाक्य असे होते: 'आदेश असतानाही कार्यालयीन फोन मी विद्यार्थिनीकडे सोपवत होते, निरोपाची नोंद न होण्याची पहिली जबाबदारी माझी आहे.'

"समिती तुलाही विचारेल," महादेवप्पा म्हणाले.

"विचारू दे. मागच्या वर्षीही मला कोणी विचारायला हवं होतं." मग त्या राजकन्येकडे वळल्या. "खोट्या सहीबद्दल कारवाई व्हायची तर जिच्या नावाची सही झाली तिची लेखी तक्रार लागते. ती तू दिलीस तर गुरम्माला जावं लागेल. हक्क तुझा आहे."

राजकन्येने गुरम्माकडे पाहिले. तिच्या नजरेत कृतज्ञता नव्हती.

"निरोप दिला असता तर सहीच लागली नसती, ताई."

"हाव."

"सकाळपासून मी हितं खोटारडी ठरून राहिले. घरीपण. दुपारी फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, तू फोन केलाच नसशील, तुला इसरायची सवयच हाय." तिने मोबाईल पुढे केला. "मी तक्रार देत न्हाई. पण हे तुमी त्यांना सांगा. आत्ता. सगळ्यांसमोर."

गुरम्माने फोन घेतला. मुखेडला राजकन्येच्या सासूने, रुक्मिणबाईंनी, तो उचलला, आणि त्यांचा आवाज इतका मोठा होता की खोलीत कोणालाच कान द्यावा लागला नाही. गुरम्माने फोन घेतल्याचे सांगितले, हात धुतल्याचे सांगितले, सह्यांचेही सांगितले. राजकन्येची काही चूक नाही, हे तिने दोनदा सांगितले.

 पलीकडे मागून लहान मुलीचे बोलणे ऐकू येत होते.

"कुठल्या गावची तू?" रुक्मिणबाईंनी विचारले.

"देवणीची, आजी."

"आठ दिवस तिच्या नावाची सही ठोकलीस?"

"हाव."

"मग आता एक काम कर. ती सकाळी लवकर उठत न्हाई. तिला उठवत जाय."